स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांमध्ये शिडाच्या नौकेने एक आठवडा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आखणी

कोकणात जून लागला की होड्या वर ओढून शाकारल्या जातात. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर नेमका त्याच वेळी शिडांचा हंगाम भरात येतो. तिथल्या ओबान या बंदराच्या गावी जूनअखेरीस सूर्य रात्री दहानंतर मावळतो, त्यानंतरही बराच वेळ उजेड रेंगाळतो आणि चार-पाच तासांत पुन्हा फटफटतं. दर पाच-दहा सागरी मैलांवर नांगर टाकण्याजोगी खाडी, मधे डोंगर, पफिन पक्षी, सील, क्वचित मिंक देवमासा. ब्रिटनमध्ये राहणारे किंवा मुंबई-गोव्यात शिडं हाताळायला शिकलेले बरेच मराठी लोक या सफरीचा विचार करतात. नौका चालवता येते, पण थंड पाण्यात, जोरदार प्रवाहांत आणि रोज रात्री नांगरावर राहण्याची सवय नाही, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. इथल्या सफरीची आखणी मैल मोजून होत नाही. वारा कुठून येणार आणि पाणी कधी फिरणार, या दोन गोष्टींवर ती होते. सुट्टीच्या आधी महिनाभर 'सोमवारी इथे, मंगळवारी तिथे' असं ठरवून ठेवणाऱ्यांना मग चुकीच्या दिवशी चुकीच्या टोकाला वळसा घालावा लागतो. म्हणून मार्ग ठरवताना प्रत्येक दिवसाला एक पर्याय आणि प्रत्येक रात्रीला दोन मुक्काम लिहून ठेवा.

महिना, आणि महिन्यातला आठवडा

मे आणि जूनचा पूर्वार्ध उत्तम. पश्चिम किनाऱ्यावर या काळात पाऊस तुलनेने कमी, हवा जास्त स्थिर, आणि मिज नावाच्या चावऱ्या चिलटांचा त्रास अजून फारसा सुरू झालेला नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवा थोडी उबदार असते, पण पाऊस वाढतो, नांगराच्या जागा गर्दीने भरतात आणि वारा पडला की संध्याकाळी चिलटं डेकवर बसू देत नाहीत. मे महिन्यात समुद्राचं पाणी ९-१० अंश सेल्सिअस असतं, ऑगस्टमध्ये १३-१४. म्हणजे कुठल्याही महिन्यात पाण्यात पडलेला माणूस काही मिनिटांतच हातांची ताकद गमावतो. हे आकडे पाहूनच कपडे आणि लाइफजॅकेट ठरवा.

महिना ठरला की भरतीचं वेळापत्रक उघडा. ओबानला उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) भरती आणि ओहोटीतला फरक सुमारे ३.३ मीटर असतो, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या सुमारास) सुमारे १.१ मीटर. मुंबई बंदर पाहिलेल्याला उंचीतला हा फरक नवा नाही. नवा असतो तो अरुंद सामुद्रधुन्यांतून धावणाऱ्या पाण्याचा वेग, आणि उधाणाला तो भांगाच्या दुपटीहून जास्त होतो. भाड्याच्या नौका बहुधा शनिवार ते शनिवार मिळतात. तेव्हा अष्टमीच्या आसपासचा चंद्र रविवारी-सोमवारी येईल असा आठवडा निवडा. भांग त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतो, म्हणजे सफरीचा मधला, बाहेरच्या समुद्रातला भाग सौम्य प्रवाहात पार पडतो.

ओबानचं आणखी एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा: उधाणाची पूर्ण भरती इथे साधारण सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान आणि पुन्हा संध्याकाळी तशाच सुमारास येते. उधाणाच्या दिवसांत दुपारी बाराच्या पुढेमागे पाणी सर्वांत खाली असतं आणि खडक उघडे दिसतात. अनोळखी खाडीत शिरायला ही वेळ सोयीची, कारण धोके डोळ्यांना दिसतात आणि चुकून तळाला टेकलात तरी पाणी वाढणारच असतं.

कुठून निघायचं

ग्लासगोजवळच्या क्लाइड खाडीत मोठी मरीना आहेत, पण तिथून पश्चिम बेटांकडे जायला एकतर मल ऑफ किंटायरच्या टोकाला वळसा पडतो किंवा क्रिनन कालवा. १८०१ मध्ये खुला झालेला हा कालवा नऊ मैलांचा आणि १५ लॉकचा (नौका वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या कोठ्यांचा) आहे. सुंदर आहे, पण आठवड्यातला दीड-दोन दिवस घेतो. पहिल्या सफरीला थेट ओबानहून निघा. ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्थानकाहून रेल्वेने तीन तासांच्या आसपास लागतात. ओबानच्या उत्तरेला तीन मैलांवर डनस्टाफनेज आणि समोर केरेरा बेटावर, अशी दोन मरीना आहेत. भाड्याच्या बऱ्याच नौका या परिसरातून निघतात.

नौका घेताना

नुसती नौका भाड्याने देणाऱ्या कंपन्या साधारणपणे स्किपरकडे आरवायएचं (ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचं) डे स्किपर प्रमाणपत्र किंवा त्या तोडीचा अनुभव मागतात, आणि व्हीएचएफ रेडिओ वापरायला किमान एकाकडे परवाना लागतो. अनुभव फक्त गोव्याच्या किंवा भूमध्य समुद्राच्या पाण्यातला असेल तर तसं आधीच लिहून कळवा. भरतीच्या प्रवाहांचा अनुभव नसणाऱ्यांनी पहिले दोन दिवस पगारी स्किपर घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. त्या दोन दिवसांत जे शिकायला मिळतं ते पुढचे पाच दिवस सोपे करतं.

चार जणांसाठी ३२ ते ३६ फुटांची नौका पुरते. ताब्यात घेताना गाद्या आणि काचेचे ग्लास मोजण्यात वेळ घालवू नका. हे पाहा:

- नांगराची साखळी किती आहे? ५० मीटर हवी, ६० असेल तर उत्तम. दर १० मीटरला रंगाची खूण आहे का? नसेल तर तिथेच धक्क्यावर साखळी पसरून केबल टाय बांधा.
- मुख्य नांगर १५ ते २० किलोचा, नव्या घडणीचा, टोकदार फाळाचा असावा. दुसरा नांगर कुठे आहे आणि त्याला दोर जोडलेला आहे का?
- विंडलासचा (नांगराची साखळी ओढणाऱ्या यंत्राचा) सर्किट ब्रेकर कुठे आहे? तो हमखास बंद पडतो, तेही घाईच्या वेळी. हाताने फिरवायचा दांडा कुठे आहे?
- डेप्थ साउंडर खोली कुठून मोजतो? पाण्याच्या पातळीपासून, की कीलच्या (नौकेच्या बुडाखालच्या कण्याच्या) खालून? हे न विचारल्यामुळे दीड-दोन मीटरची चूक होते. शिशाचा ओळंबा सोडून एकदा पडताळा.
- डिझेलवर चालणारा हीटर चालू करून पाहा. जुलैमध्येही तो लागतो.
- इंजिनाचं समुद्रपाणी घेणारं गाळणं कसं उघडतं? समुद्री शेवाळाने ते तुंबतं. सुटा इम्पेलर (पंपातलं पाणी खेचणारं चाक) आणि इंधनाचा फिल्टर नौकेवर आहे का?

नकाशे आणि पुस्तकं

चार्टप्लॉटर असतोच, पण त्यावर विसंबून खाडीत शिरणं धोक्याचं. इथल्या अनेक लहान खाड्यांची अधिकृत मोजणी फार जुनी आहे, आणि पडद्यावर तुमची नौका जिथे दिसते तिथे खडक प्रत्यक्षात ३०-४० मीटर इकडेतिकडे असू शकतो. क्लाइड क्रूझिंग क्लबच्या सेलिंग डायरेक्शन्स घ्या. त्यात प्रत्येक नांगरजागेचा आराखडा, तळ कसला आहे, कुठल्या वाऱ्याला ती उघडी पडते आणि आत शिरताना कुठली खूण कुठल्या खुणेच्या रेषेत धरायची, हे सगळं आहे. याशिवाय अँटारेस चार्ट्स हे हौशी नाविकांनी स्वतः खोली मोजून बनवलेले, लहान खाड्यांचे अतिशय तपशीलवार डिजिटल नकाशे आहेत. दोन्ही निघण्यापूर्वी फोनवर आणि टॅबवर उतरवून ठेवा. ओबानसमोरच्या मल बेटाच्या पश्चिमेला मोबाइलचं जाळं बेभरवशाचं आहे.

नकाशावरची नावं गेलिक भाषेत असतात. 'बोघा' दिसलं की पाण्याखालचा खडक, 'स्केर' म्हणजे उघडा खडक, 'रूआ' म्हणजे टोक, 'आकरसेट' म्हणजे नांगर टाकायची जागा. एवढे चार शब्द पाठ असले तरी नकाशा भराभर वाचता येतो.

प्रवाहांचे दरवाजे

ज्या अरुंद जागेतून पाणी तुमच्या नौकेपेक्षा जोरात वाहतं ती जागा म्हणजे दरवाजा. तो दिवसातून ठरावीक वेळाच उघडा असतो. ३४ फुटी नौका इंजिनावर सहा नॉट काढते. उधाणाला डोरस मोरमधून पाणी ८ नॉटपर्यंत, जुरा आणि स्कार्बा बेटांमधल्या कोरीव्रेकनमधून ८.५ नॉटपर्यंत, क्वान साउंडमधून (साउंड म्हणजे सामुद्रधुनी) ७ नॉटच्या आसपास, आणि स्काय बेटाच्या काइल रेमधून ७-८ नॉटने धावतं. विरुद्ध दिशेने गेलात तर इंजिन पूर्ण जोरात असूनही नौका मागे सरकते.

वेगापेक्षा वाईट म्हणजे वारा आणि प्रवाह समोरासमोर येणं. कोरीव्रेकनमधून भरतीचं पाणी पश्चिमेला, उघड्या अटलांटिककडे जातं. पश्चिमेचा वारा आणि दुरून आलेली जुनी लाट असेल तर दोघांची तिथे टक्कर होते, आणि समुद्रतळाचा एक सुळका त्या पाण्याला वर उसळवतो. म्हणूनच प्रसिद्ध भोवरा तिथे बनतो. पहिल्या सफरीत कोरीव्रेकन आणि क्वान दोन्ही वगळा. बघायचंच असेल तर ओबानहून पर्यटकांना नेणाऱ्या बोटी आहेत.

आठवड्याच्या मार्गावर असे कठोर दरवाजे नसले तरी हिशेब रोज करावा लागतो. तीन गोष्टी चुकतात:

पहिली, वेळ. ब्रिटिश वेळापत्रकं बहुधा जागतिक प्रमाणवेळेत छापलेली असतात. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं. तास मिळवायला विसरलात तर प्रवाह फिरलेला सापडतो. काही ॲप हा तास आपोआप मिळवतात, म्हणून दोनदा मिळवण्याची चूकही होते. सकाळी एकदा ठरवा आणि कागदावर थेट घड्याळाच्या वेळाच लिहा.

दुसरी, पाणी समान गतीने चढत नाही. सहा तासांत चढाव बाराव्या हिश्शांनी मोजतात: पहिल्या तासात १, दुसऱ्यात २, तिसऱ्या-चौथ्यात ३-३, पाचव्यात २, सहाव्यात १. ओबानच्या ३.३ मीटरच्या उधाणात पहिल्या तासात जेमतेम २८ सेंटिमीटर पाणी चढतं, पण तिसऱ्या तासात ८३. प्रवाहाचा जोरही या मधल्या दोन तासांतच सर्वाधिक असतो.

तिसरी, दिशा. केरेरा साउंड आणि फर्थ ऑफ लॉर्नमध्ये भरती ईशान्येला आणि ओहोटी नैर्ऋत्येला जाते. ओबानहून दक्षिणेला निघायचं तर ओहोटीबरोबर निघा. दोन नॉटची साथ मिळते आणि चहा कपात राहतो.

हवामान वाचणं

ब्रिटनच्या मेट ऑफिसचा किनारी अंदाज रोज दोनदा घ्या. तुमचा विभाग 'मल ऑफ किंटायर ते आर्डनामर्खन पॉइंट'. आर्डनामर्खनच्या उत्तरेला गेलात तर 'आर्डनामर्खन पॉइंट ते केप रॅथ'. कोस्टगार्ड व्हीएचएफच्या १६ क्रमांकाच्या चॅनलवर सूचना देऊन दुसऱ्या चॅनलवर हाच अंदाज वाचतात. वादळी वाऱ्याच्या इशाऱ्यातले शब्द नेमक्या अर्थाचे आहेत: 'इमिनंट' म्हणजे सहा तासांच्या आत, 'सून' म्हणजे सहा ते बारा तासांत, 'लेटर' म्हणजे बारा तासांनंतर.

अटलांटिकवरून कमी दाबाचा पट्टा येतो तेव्हा वाऱ्याचा एक क्रम असतो. आधी वारा दक्षिण-आग्नेयेकडे सरकतो, ढग खाली येतात, पाऊस लागतो. मग नैर्ऋत्येचा जोर. शेवटी थंड हवेची सीमा पुढे सरकली की वारा एकदम पश्चिम किंवा वायव्येला फिरतो, आकाश उघडतं आणि झोडपणाऱ्या सरी येतात. हे फिरणं पुष्कळदा रात्री होतं. संध्याकाळी दक्षिणेच्या वाऱ्यापासून छान आडोसा देणारी खाडी पहाटे तीनला वायव्येच्या तोंडी सापडते, आणि मागे किनारा. म्हणून नांगराची जागा आत्ताच्या वाऱ्यावर निवडू नका, पहाटेच्या वाऱ्यावर निवडा. या किनाऱ्यावर निर्धास्त झोप लागते की नाही, ते यावरच ठरतं.

मर्यादा आधीच ठरवा: वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापावर ४ पर्यंत मजेत, ५ ला मुख्य शीड आखडून फक्त आडोशाच्या पाण्यात, ६ चा अंदाज असेल तर मुक्काम हलवायचा नाही. मल बेट आणि मुख्य भूमी यांमधली साउंड ऑफ मल ही सामुद्रधुनी दोन्हीकडच्या डोंगरांमुळे वारा नळीसारखा ओढून घेतो. तिथे वारा नेहमी एकतर थेट नाळेवर (नौकेच्या पुढच्या टोकावर) किंवा थेट पाठीमागून असतो, आणि अंदाजापेक्षा एक बोफर्ट जास्त.

आठवडा: मल बेटाला प्रदक्षिणा

एकूण अंतर १०० सागरी मैलांच्या आसपास. पहिली रात्र मरीनातच काढा. सामान लावणं, गॅस तपासणं, प्रत्येकाला लाइफजॅकेट अंगावर बसवून देणं, व्हीएचएफवर मदतीची हाक कशी द्यायची ते सगळ्यांना दाखवणं, यात संध्याकाळ जाते.

रविवारी पुलडोरन. डनस्टाफनेजहून सुमारे १० मैल, केरेरा साउंडमधून. सील बेटाच्या पश्चिम बाजूला असलेलं हे लहानसं तळं जवळपास सगळ्या वाऱ्यांपासून सुरक्षित आहे, तळ चांगल्या चिखलाचा आहे आणि खोली कमी. नांगर टाकायचा सराव करायला याहून चांगली जागा नाही. त्यामुळेच जुलैच्या शनिवार-रविवारी ते भरून जातं, म्हणून दुपारी तीनपर्यंत पोचा. किनाऱ्यावरून पंधरा-वीस मिनिटांच्या पायवाटेने क्लॅखन पुलाशी जाता येतं. अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेला हा दगडी कमानीचा पूल 'अटलांटिकवरचा पूल' म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्या शेजारी जुनी खानावळ आहे.

याच रात्री ठरवायचं की प्रदक्षिणा कुठल्या बाजूने. नियम सरळ आहे: मलची पश्चिम बाजू, म्हणजे आयोना बेटापासून कॅलिआख पॉइंटपर्यंतचा उघडा भाग, आठवड्यातल्या सर्वांत शांत दोन दिवसांच्या वाट्याला आला पाहिजे. ते दिवस सोमवार ते बुधवारात दिसत असतील तर दक्षिणेकडून जा. सुरुवातीला जोराचा पश्चिम वारा आणि नंतर उघडीप दिसत असेल तर आधी साउंड ऑफ मलमधून मलच्या उत्तरेकडच्या टोबरमोरी गावाला जा आणि उलटं फिरा. आणि आठवडाभर पश्चिमेचा ५-६ चालणार असेल तर प्रदक्षिणा सोडून द्या. टोबरमोरी, लॉख सुनार्टच्या (लॉख म्हणजे इथे आत शिरलेली खाडी) तोंडाशी ओरन्से बेटामागे लपलेलं लॉख ड्रंबुई, आत सालेन, परतताना लॉख आलिन आणि लिझमोर बेटाच्या उत्तरेचं पोर्ट रॅम्झी, असा आतल्या पाण्याचा आठवडा त्याच्या जोडीचाच सुंदर आहे.

दक्षिणेकडून गेलात तर सोमवारचा टप्पा सर्वांत लांब: पुलडोरन ते टिंकर्स होल, सुमारे ३० मैल. मलचा हा दक्षिण किनारा उंच कड्यांचा आहे आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यात वाटेत भरवशाचा आसरा नाही. लॉख बुई नैर्ऋत्येला उघडं, कारसेग जेमतेम दुपार काढण्यापुरतं. लॉख स्पेल्व सुरक्षित आहे, पण ते सुरुवातीलाच लागतं आणि त्याच्या अरुंद तोंडात खडक आणि प्रवाह दोन्ही आहेत. म्हणून हा टप्पा पूर्व, उत्तर किंवा हलक्या वाऱ्यातच करा. शेवटचे पाच मैल टोरन खडकांच्या उत्तरेने जातात. तिथे दृष्टी स्वच्छ हवी, आणि एकाने फक्त नकाशा आणि खुणा जुळवायच्या, दुसरं काम करायचं नाही.

टिंकर्स होल ही एरिड आणि शेजारच्या बेटामधली गुलाबी ग्रॅनाइटची अरुंद घळ आहे. वाळूचा तळ, काचेसारखं पाणी. नौकेला फिरायला जागा फार कमी, म्हणून आधीच चार-पाच नौका असतील तर हट्ट न धरता पुढे बुल होलला जा. तिथे आयोनाची फेरी रात्री उभी असते, तिच्या वाटेत नांगर टाकू नका.

मंगळवार आयोनासाठी. साउंडच्या मध्यावर वाळूचे दांडे आहेत, तिथे साउंडरवर लक्ष ठेवून हळू जा. बुधवारी सात मैलांवर स्टाफा बेट. तिथली षटकोनी बसाल्टच्या खांबांची फिंगल्स केव्ह ही गुहा पाहायला नांगर टाकता येतो, पण तळ खडकाळ आहे आणि आडोसा शून्य, त्यामुळे फक्त शांत समुद्रात आणि नौकेवर इंजिन चालवता येणारं माणूस ठेवूनच उतरा. धक्क्यावर पर्यटकांच्या बोटी लागतात, डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) तिथे बांधून ठेवू नका. रात्रीला गोमेट्रा हार्बर, किंवा लाट आत येत असेल तर अल्वा फेरीचं पाँटून (तरंगता धक्का).

गुरुवारी कॅलिआख पॉइंटला वळसा घालून टोबरमोरी, वीसेक मैल. या टोकापाशी जुनी लाट वारा पडल्यानंतरही दिवसभर राहते, त्यामुळे किनाऱ्यापासून मैलभर बाहेर राहा. टोबरमोरीला पाँटून, पाहुण्यांसाठी मुरिंग (नौका बांधायला तळाशी पक्के केलेले बोये), पाणी, डिझेल, किराणा, गरम शॉवर, सगळं मिळतं. शुक्रवारी साउंड ऑफ मलमधून परत.

नांगर

सफरीतलं सर्वांत महत्त्वाचं कौशल्य हेच, आणि प्रशिक्षणात त्याला सर्वांत कमी वेळ मिळतो.

आत शिरल्यावर लगेच नांगर सोडू नका. निवडलेल्या जागेभोवती सावकाश एक फेरी मारा आणि सगळीकडची खोली बघा. इतर नौका साखळीवर आहेत की दोरावर ते पाहा. दोरावरची नौका फार लांब झोके घेते.

मग दोन प्रश्नांचा हिशेब करा. पाणी सर्वांत खाली जाईल तेव्हा तरंगत राहू का? आणि सर्वांत वर येईल तेव्हा साखळी पुरेल का? समजा उधाणाच्या ओहोटीला साउंडर पाण्याच्या पातळीपासून ३ मीटर दाखवतोय. भरतीला ३.३ वाढतील, ६.३ होतील. नाळेची उंची १.२ धरा, एकूण ७.५. साखळी त्याच्या चौपट, म्हणजे ३० मीटर. वारा वाढणार असेल तर ४० सोडा. उलट, हेच भरतीच्या वेळी ५ मीटर पाहून नांगर टाकला असता तर ओहोटीला १.७ उरले असते. १.८ मीटर बुडणारी नौका रात्री एकला कलंडते, ती अशी.

नौका वाऱ्याकडे तोंड करून पूर्ण थांबवा. नांगर तळाला टेकेपर्यंत खाली सोडा आणि नौका मागे जाऊ लागली की साखळी हळूहळू द्या. सगळी एकदम ओतली तर नांगरावरच ढीग होतो आणि फाळाला गुंडाळते. खोलीच्या तिप्पट झाली की क्षणभर धरा, नांगराला तळ चावू द्या. मग उरलेली सोडा आणि इंजिन रिव्हर्समध्ये हळूहळू वाढवत १८००-२००० फेऱ्यांवर अर्धा मिनिट ठेवा. या वेळी नाळेवरच्या माणसाने तळहात साखळीवर ठेवायचा. नांगर बसला असेल तर साखळी ताठ आणि शांत लागते. घसरत असेल तर खालून दगडांवरून ओढल्यासारखी थरथर हाताला जाणवते, आणि साखळी झटके देत सैल-ताठ होते. त्याच वेळी बाजूला किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, झाड आणि मागचा खडक. रेष मोडली तर नौका हलतेय.

बसला की १२-१४ मिलिमीटर जाडीचा, पाच-सहा मीटरचा नायलॉनचा दोर हुकने साखळीला अडकवून नाळेच्या क्लीटला बांधा आणि विंडलासवरचा ताण काढा. नांगरावर असल्याची खूण म्हणून दिवसा काळा गोळा, रात्री डोलावर पांढरा दिवा.

इथला खरा शत्रू केल्प. रुंद चामडी पात्यांचं हे समुद्री शेवाळ खडकावर वाढतं, आणि नांगर त्यातच रुततो, तळापर्यंत पोचत नाही. हलक्या वाऱ्यात तो धरून ठेवल्यासारखं वाटतं आणि मध्यरात्री झुळूक वाढली की अख्खं झुडूप मुळासकट सुटून येतं. कॅना बेटाच्या बंदरात हे वारंवार घडतं. स्वच्छ पाण्यात गडद डाग म्हणजे केल्प, फिकट हिरवा म्हणजे वाळू. फिकट डागावर नेम धरा. नांगर वर घेतल्यावर फाळाला गुंडाळलेली पाती कापायला करवती दातांची पावाची सुरी नाळेवरच ठेवा. दोनदा प्रयत्न करून बसला नाही तर जागाच बदला.

दुसरी फसवी गोष्ट, उंच डोंगर. वाऱ्याच्या बाजूला उभा कडा दिसला की आडोसा मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात वारा माथ्यावरून ओघळून खाली कोसळतो आणि नौकेला कुठूनही फटके देतो. स्कायच्या कुलिन डोंगरांखालचं लॉख स्काव्हेग याबद्दल कुप्रसिद्ध आहे. जोराचा वारा येणार असेल तेव्हा ठेंगण्या बेटामागची जागा बरी. तिथे वारा सरळ लागतो आणि नांगर त्याला पेलतो.

वाटेतले बाकी त्रास

शेवंडं-खेकड्यांच्या पिंजऱ्यांच्या खुणा सगळीकडे असतात, आणि काहींचा दोर पाण्याच्या वरच तरंगतो. इंजिनावर असताना एक माणूस सतत पुढे नजर ठेवून हवा. अंधारात इंजिनावर जाणं टाळा. उन्हाळ्यात त्याची गरजही पडत नाही. नौकेच्या पाण्याखालच्या पंख्याला (प्रोपेलरला) दोर गुंडाळलाच तर इंजिन ताबडतोब न्यूट्रलमध्ये घ्या आणि शीड उघडा. मत्स्यपालनाचे पिंजरे जागा बदलतात, नकाशावर नसलेले दिसले तर गोंधळू नका.

अंगावर सुती कपडे नकोत, ओले झाले की सुकत नाहीत. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर, वर जलरोधक जॅकेट-पँट, टोपी, दोन जोड हातमोजे, रबरी बूट. लाइफजॅकेट पायांमधून जाणाऱ्या पट्ट्यासह, आणि डिंगीतही घालायचं. रात्री खानावळीतून डिंगीने परतणं हा या सफरीतला धोक्याचा तुकडा आहे, दिवसाची गंमत संपल्यावर लोक तिथे बेफिकीर होतात.

मिज वाऱ्यात उडू शकत नाहीत, म्हणून संध्याकाळी किनाऱ्यापासून शंभर-दीडशे मीटर दूर, झुळूक लागेल असा नांगर टाका. डोक्याची जाळी जवळ ठेवा. बेटांवर नेच्यांतून चालून आलात की पायांवर गोचीड शोधा, त्यांच्यापासून लाइम आजार होतो.

किराण्याची मोठी खरेदी ओबानच्या सुपरमार्केटात करा. पोहे, डाळी, मसाले ग्लासगोहूनच न्या. प्रेशर कुकर नौकेवर मोलाचा: गॅस वाचतो, झाकण बंद असल्याने हेलकाव्यात सांडत नाही, आणि मुगाची खिचडी वीस मिनिटांत होते. लांब टप्प्याच्या सकाळी ती करून थर्मासमध्ये भरून ठेवा, हलत्या नौकेत खाली जाऊन कोणाला स्वयंपाक करावा लागत नाही. पाणी दिवसाला माणशी दहा लिटर धरा. छोट्या बेटांवर कचरापेट्या नसतात, सगळा कचरा टोबरमोरीपर्यंत परत आणायचा.

२००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही जवळपास सगळीकडे उतरायचा, चालायचा हक्क आहे. मे-जूनमध्ये पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. डोक्यावर पक्षी ओरडत घिरट्या घालू लागले तर तुम्ही घरट्यापाशी आहात, मागे फिरा.

शनिवारी सकाळी नौका परत द्यायची असते, म्हणून शुक्रवारची रात्र मरीनात किंवा फार तर लॉख आलिनमध्ये काढा. तिथून डनस्टाफनेज सुमारे १३ मैल आहे. शेवटच्या दिवशी ६ चा अंदाज असेल तर एक दिवस आधीच आत या. डिझेलचा पंप शुक्रवारी किती वाजता बंद होतो ते निघतानाच विचारून ठेवा, कारण शनिवारी सकाळी तिथे सगळ्यांचीच रांग असते.